'पोएट्री' मासिकाचा जुना साठा: कवी नको, संपादक शोधा

कवी संपादकाच्या खुर्चीत बसला की त्याच्या कवितेचं काय होतं, हे बघायची मला खोड आहे. मी स्वतः एका अनियतकालिकाकडे आलेल्या कविता निवडतो, त्यामुळे असेल. शिकागोच्या 'पोएट्री' मासिकाचे १९१२ पासूनचे अंक पोएट्री फाउंडेशनच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, आणि या खोडीला तिथे भरपूर खाद्य आहे.

बहुतेक जण कवीचं नाव टाकून शोधतात. तसं करू नका. अख्खा अंक उघडा, अनुक्रमणिका वाचा. जून १९१५ चाच घ्या. टी. एस. एलियटची 'प्रूफ्रॉक' ही पुढे गाजलेली कविता यात पहिल्यांदा आली, पण कुठे? कवितांच्या पार शेवटाकडे! कवी एझरा पाउंडने ती आदल्या वर्षीच मासिकाकडे पाठवली होती. संस्थापक-संपादक हॅरिएट मन्रो यांना ती, विशेषतः तिचा शेवट, पचत नव्हता. तरी छापली. आवडलेली कविता कोणीही छापतो हो. मन्रोबाई स्वतः कवयित्री होत्या. आज त्यांच्या कविता फारसं कोणी वाचत नाही. अंक मात्र त्या १९३६ साली जाईपर्यंत काढत राहिल्या.

अलीकडचा संपादक हवा असेल तर ख्रिश्चन वायमन यांचे २००३ ते २०१३ मधले अंक काढा. औषध कंपनीच्या वारसदार रूथ लिली यांची मासिकाला अवाढव्य देणगी तेव्हा नुकतीच जाहीर झालेली. एवढा पैसा आला की मासिक गुळगुळीत व्हायचं, अशी मला धास्ती. पण यांनी मागच्या पानांवरचं गद्य धारदार केलं. मी तर आधी परीक्षणं वाचतो, मग वाचकांची पत्रं, कविता त्यानंतर. याच काळात वायमन यांच्यावर कर्करोगाचे उपचार चालू होते, आणि २०१० मध्ये त्यांचा 'एव्हरी रिव्हन थिंग' हा संग्रहही आला. म्हणजे खुर्चीने यांची कविता खाल्ली नाही.

उणीव म्हणाल तर एकच, आणि ती कुठल्याही मासिकाच्या साठ्यात असणारच: 'साभार परत' गेलेलं काही इथे दिसत नाही. संपादकाचं निम्मं काम तर तेच.

वेळ कमी असेल तर वायमन आणि त्यांच्यानंतरचे संपादक डॉन शेअर यांनी मासिकाच्या शंभर वर्षांतून निवडलेल्या शंभर कवितांचं 'द ओपन डोअर' (२०१२) घ्या. निवड चोख आहे. फक्त त्यात 'प्रूफ्रॉक'च्या आधी त्या महिन्यात कोणाकोणाला जागा मिळाली होती, ते कळणार नाही.