अर्धी भरून दाखवलेली टाकी

सेकंडहँड फिश टँक विकणारा "बघा, थेंबसुद्धा गळत नाही" म्हणतो, तेव्हा टाकी कुठवर भरली आहे ते आधी बघा. मला दाखवलेली टाकी निम्मी भरलेली होती. त्याने खालच्या जोडावरून बोट फिरवलं आणि कोरडं बोट माझ्यापुढे धरलं. पूर्ण का नाही भरली, असं विचारलं तर उत्तर तयारच होतं: "आज न्यायचीय ना तुम्हाला? मग एवढं पाणी उपसणार कोण?" ऐकायला अगदी बरोबर वाटतं. सगळी चलाखी तिथेच आहे.

पाण्याचा दाब खोलीप्रमाणे वाढतो आणि काचेवरचा एकूण जोर खोलीच्या वर्गाप्रमाणे. टाकी होती 90 सेंटिमीटर लांब, 45 उंच. काठोकाठ भरली की पुढच्या काचेला साधारण 90 किलो वजनाइतका जोर बाहेर ढकलत असतो. अर्धी भरली तर तो जोर 45 किलो होत नाही, 23 च्या आसपासच राहतो. म्हणजे मला दाखवलेली परीक्षा खऱ्या परीक्षेच्या पाव हिश्श्याची होती. एवढं तर वरवर लिंपलेला जोडही सहन करतो.

आणि लिंपलेलाच होता. टाकीला आंबूस वास येत होता. त्याने आपणहून सांगितलं, "क्षारांचे डाग काढायला व्हिनेगर लावलंय." व्हिनेगरने पांढरे डाग निघतात हे खरं आहे, म्हणून खोटं पचून गेलं. पण मत्स्यालयाच्या काचा जोडायला वापरतात ते नेहमीचं सिलिकॉन सुकतानाही व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिडच सोडतं, आणि त्याचा वास हुबेहूब तसाच येतो. शिवाय जुनी गळती ओळखायची खूण कोणती, तर जोडाच्या बाहेरच्या बाजूला क्षारांची पांढरी रेघ. ती रेघही या सफाईत गेली. एका वाक्यात वासही झाकला आणि खूणही पुसली! माणूस हुशार, त्याबद्दल वाद नाही.

घरी वरपर्यंत भरली. पहिले काही तास काहीच नाही. मग मागच्या खालच्या जोडापाशी स्टँडच्या फळीवर ओल दिसली. थंड पाण्याच्या टाकीवर बाहेरून दव साचतं, म्हणून पुसून कोरडा कागद लावून ठेवला. दव काचभर धरतं. इथे कागद एकाच ठिकाणी, खालून वर भिजत गेला. टाकी रिकामी करून आतली चकचकीत काळी पट्टी नखाने उचलली, तर सापाच्या कातेसारखी लांबच्या लांब निघून आली. तिच्याखाली जुनं, पिवळट सिलिकॉन होतं आणि त्याच्या कडेला शेवाळाची हिरवी रेघ. पट्टीखाली शेवाळ म्हणजे तिथे आधीपासून पाणी शिरत होतं. फोनवर तो म्हणाला, "नेताना हिसका बसला असेल." टाकी पीळ बसून गळू शकते, तळाशी थोडी वाळू-पाणी ठेवून उचलली तर तो धोका जास्तच. पण हिसक्याने शेवाळ उगवत नाही. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

तेव्हा घेण्याआधी टाकी काठापासून बोटभर खाली येईपर्यंत भरायला लावा, सपाट जागेवर, चारी बाजूंना कोरडा कागद अंथरून, आणि निदान 24 तास तशीच ठेवा. विक्रेता तयार नसेल तर गळकी धरूनच भाव करा. जोडात बुडबुडे, पांढुरके ठिपके, पट्टीची सुटलेली कड बघा. ब्लेडने शेवाळ खरवडताना कोपऱ्यातली पट्टी कापली जाऊ शकते, तिथे बॅटरी मारा. वरची आडवी काचपट्टी काढून टाकलेली असेल तर लांब काच फुगते आणि जोड ताणले जातात. ती "शोभेची" असते असं कुणी सांगितलं तर हसून निघा.

दुरुस्ती होते, पण बाहेरून थापून नाही: आतलं पाणी तो थर बाहेरच ढकलत राहतं. जुन्या सिलिकॉनवर नवं नीट धरत नाही, म्हणून एकाच कोपऱ्याला डागडुजी करण्यात अर्थ नाही. मी आतल्या सगळ्या पट्ट्या ब्लेडने साफ केल्या, काच ॲसिटोनने पुसली आणि एका दमात नवी पट्टी ओढली. काचा एकमेकींना धरून ठेवणारा, दोन कडांमधला थर मात्र शाबूत हवा. त्यात बुडबुडे किंवा फट असेल तर काचा सुट्या करून टाकी पुन्हा जोडावी लागते, आणि ते काम जाणकाराचं. बाथरूमसाठीचं बुरशीरोधक सिलिकॉन वापरू नका, त्यातलं बुरशीनाशक माशांना घातक. पृष्ठभाग लवकर सुकतो, आतला थर नाही. आठवडाभर थांबा आणि वास पूर्ण गेल्यावरच भरा. पहिलं पाणी फेकून द्या. मासे त्यानंतर.