ब्रेक ऑइलला दहापैकी सात, रबरी टोपीला शून्य: आठ महिन्यांचा अनुभव

दिवाळीच्या सुट्टीत सप्तशृंगगडावरून नांदुरीकडे उतरत होतो. निम्म्या घाटात ब्रेकचं पेडल कापसाच्या गादीसारखं मऊ झालं. मागे आई, बायको आणि प्रसादाच्या दोन पिशव्या. पाच-सहा वेळा दाबलं तेव्हा कुठे थोडं धरलं, गिअर खाली टाकत कशीबशी कडेला घेतली. अर्ध्या तासाने पेडल एकदम ठणठणीत! आई म्हणाली देवीची कृपा. मलाही तेव्हा दुसरं कारण सुचत नव्हतं.

गाडी २०१२ ची, पुढे डिस्क, मागे ड्रम. ठाण्यात परतल्यावर सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी झाकणही न उघडता सांगितलं, "सर, लेव्हल फुल आहे." हेच ऐकून डोकं फिरलं. घरी येऊन जुनी बिलं काढली. दर वर्षी "ब्रेक ऑइल टॉप-अप", पैसे वेगळे. ऑइल बदलल्याची नोंद एकदाही नाही. मॅन्युअलमध्ये दर दोन वर्षांनी बदला असं स्वच्छ लिहिलंय, पण ते मीही तेव्हाच पहिल्यांदा वाचलं.

डिस्कला घासणारे ब्रेक पॅड झिजले की त्यांना दाबणारा पिस्टन बाहेर येतो आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतली लेव्हल उतरते. म्हणजे लेव्हल उतरली तर आधी पॅड बघायचे, आणि ही मंडळी वर्षानुवर्षं नुसतं ओतत होती. खरा प्रश्न पाण्याचा. ब्रेक ऑइल नावाला ऑइल, ते हवेतली ओल शोषून घेतं, रबरी होसमधूनसुद्धा. खाडीकाठचं गाव आणि चार महिन्यांचा पाऊस, आमच्याकडे ओलीला काय तोटा. डॉट ३ या दर्जाचं ताजं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की हीच हमी १४० वर येते. घाटात ब्रेक दाबून धरला की ऑइल उकळतं आणि वाफ होते. वाफ दाबली जाते, चाकापर्यंत जोर पोचत नाही. थंड झालं की वाफेचं पुन्हा पाणी, आणि पेडल शहाणं. म्हणून गॅरेजात काहीच सापडत नाही.

सेंटरने १,४०० सांगितले. मी माजिवड्यातून डॉट ४ च्या अर्ध्या लिटरच्या दोन सीलबंद बाटल्या ४८० ला आणल्या. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, फक्त सिलिकोनचं डॉट ५ चुकूनही नको. मोठा डबा घेऊ नका, उघडा राहिलेला डबासुद्धा पाणी पितो.

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाबांना ड्रायव्हर सीटवर बसवलं. टाकीतलं जुनं ऑइल सिरिंजने ओढलं, रंग कोऱ्या चहाचा. पेडलखाली जुना पाट सरकवला, कारण जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत नेलं तर मास्टर सिलिंडरचं (पेडलचा जोर ऑइलला देणाऱ्या नळकांड्याचं) सील कधी न गेलेल्या खरबरीत भागात जाऊन फाटू शकतं. बाबांनी पेडल दाबून धरायचं, मी चाकापाशी जुनं ऑइल बाहेर सोडायचं. सुरुवात सगळ्यात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून.

"बाबा, दाबा. धरा. सोडू नका हं!"

"धरलंय रे. पेपर तरी आणून दे."

आणि इथे ती टोपी. ब्लीड निपलवर, म्हणजे ऑइल बाहेर सोडायच्या चाकाजवळच्या तोटीवर, बोराएवढी रबरी टोपी असते, भोकात धूळ-पाणी जाऊ नये म्हणून. चारपैकी तीन चाकांवर होती. मागच्या डाव्या चाकावर नाही! कधीतरी कुणीतरी काढली आणि परत लावायचा कंटाळा केला. निपल गंजून भोक बुजलेलं. गंज सोडवायचा स्प्रे मारून दोन तास वाट पाहिली, आठ नंबरचा पाना दोनदा सटकला, अंगठा सोलला. बाकीची तीन चाकं मिळून पाऊण तासात झाली. फेंडरवर सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुतलं, नाहीतर रंग खातं. पार्किंगमधल्या डागाबद्दल सेक्रेटरींचं वेगळं ऐकलं.

इथपर्यंतचं फेब्रुवारीत लिहून ठेवलं होतं आणि खाली दहापैकी दहा दिले होते. पेडल वर आलं होतं, घोडबंदर रोडच्या रांगेत पाय दुखेना.

मे महिन्यात पुन्हा गडावर गेलो. उतरताना पेडल शेवटपर्यंत कडक. पण या वेळी मी वरूनच दुसऱ्या गिअरमध्ये निघालो होतो, त्यामुळे श्रेय ऑइलचं की गिअरचं, प्रामाणिकपणे सांगता येत नाही. जूनमध्ये हँडब्रेक फार वर यायला लागला म्हणून कापूरबावडीच्या मेकॅनिकने मागचे शू (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) अ‍ॅडजस्ट केले, १५० रुपये. पेडल आणखी बोटभर वर! म्हणजे पेडल खाली जायचं त्यातला काही भाग शूच्या फटीचा होता आणि मी सगळा ऑइलच्या माथी मारला होता. तीन गुण कापले. घाटातला मऊपणा मात्र ऑइलचाच, त्यावर मी ठाम आहे. नुसती फट असती तर थांबून बरी झाली नसती.

टोपी सुटी मिळत नाही. दुकानदार म्हणतो निपलसकट चारचा सेट घ्या, १८० रुपये. तीन टोप्या शाबूत असताना चार का घेऊ? सध्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलाय, दर रविवारी वाकून बघतो. अजून आहे.