बेळगावात म्हणे पाइप गोठतो!

परवा वडगावहून मेहुण्याचा फोन आला. "दाजी, तुमच्याकडं ते पाइपला थंडीचं कव्हर घालणारे आलेले न्हवं? आमच्या गल्लीत आलेत. माणसं बरी आहेत काय?" म्हटलं, आधी त्यांना दारातनंच वाटेला लाव, मग बोलतो. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय. १४,५०० रुपये गेलेत, आता लाज तरी कशाला राखायची.

गोष्ट डिसेंबरातली. आमचं घर टिळकवाडीत. गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारा पांढरा पीव्हीसी पाइप पहाटे एल्बोजवळ तडकला. आमच्याकडं पाणी रोज येत नाही, त्यामुळं टाकी रिकामी होणं म्हणजे घरात सुतकच. एम-सील थापून कसंबसं थांबवलं. दोन दिवसांनी दारात दोन पोरं. गळ्यात ओळखपत्र, तोंडात गोड मराठी. "काका, या भागात थंडीनं पाइप फुटायलेत. तपासणी फुकट." यांना कसं कळलं, याचं मला नवल वाटलं. जिन्याच्या भिंतीवरचा ओला डाग रस्त्यावरून दिसत होता, हे फार उशिरा सुचलं.

मोबाइलवर त्यांनी एक व्हिडिओ दाखवला. छत कोसळलंय, पंख्याला बर्फाच्या सुया लटकल्यात. "काका, हे टेक्सास. आपल्यापेक्षा गरम मुलूख. तिथं असं झालं. बेळगाव तर अडीच हजार फुटांवर." इथंच मी गळाला लागलो, कारण टेक्सासात थंडीनं पाइप फुटले होते हे खरं होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये माझा भाचा तिथंच, डॅलसला होता, पाइप फुटून त्याच्या शेजाऱ्यांचं घर भिजलेलं त्यानं आम्हाला फोनवर दाखवलं होतं. अजिबात माहिती नसती तर मी चार प्रश्न विचारले असते. अर्धी होती, म्हणून मान डोलावली.

वर ते पिस्तुलासारखं तापमानाचं यंत्र. सकाळी सातला गच्चीवर नेऊन त्यानं टाकीखालच्या चकचकीत स्टीलच्या व्हॉल्व्हवर लाल ठिपका धरला. आकडा आला २. अंगावर काटाच आला. आमची ही म्हणाली, "आंघोळीचं पाणी एवढं गार नसतंय." तिला मी गप्प बसवलं.

निम्मे पैसे यूपीआयनं आगाऊ, निम्मे काम झाल्यावर रोख. यूपीआयवर नाव कंपनीचं नाही, भलत्याच कुणाचं तरी आलं. मी ते वाचलं आणि तरीही पिन टाकला. पाइपभर पांढरा फोम, वरून चंदेरी टेप, सोबत एक वायर आणि प्लगवाली डबी. "पाणी गोठायला आलं की लाल दिवा लागतोय, वायर गरम होत्येय. दिवा लागला नाही म्हणजे सगळं ठीक." दिवा कधीच लागला नाही, आणि मी रोज सकाळी तो न लागलेला दिवा बघून समाधानानं चहा प्यायचो.

मार्चमध्ये, भर उन्हाळ्यात, फोममधून पाणी टपकायला लागलं. नेहमीच्या प्लंबरनं टेप फाडली, पिवळट पडलेला पाइप नखानं खरवडला, तर खडूसारखी पूड निघाली. "बिसिलु री सर, बिसिलु." ऊन! वर्षानुवर्षं उघड्यावर राहून पाइप ठिसूळ झालेला, त्याला क्लॅम्प नाही, त्यामुळं नळ झटकन बंद केला की एल्बोला हिसका बसायचा. नवा पाइप, तीन क्लॅम्प, वरून रंगाचा हात. खर्च १,१०० रुपये.

चुलतभाऊ उद्यमबागच्या फाउंड्रीत आहे. त्यानं तसंच यंत्र आणलं. सकाळी त्याच वेळेला, त्याच व्हॉल्व्हवर, आकडा ३. मग व्हॉल्व्हवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून थोडं थांबला आणि त्या टेपवर ठिपका धरला, तर १३! चकचकीत धातू आरशासारखा असतो, म्हणाला, यंत्र त्यात दिसणारं गार आभाळ मोजतंय. डबी उघडली, तर आत एक दिवा आणि सर्किटचा एक तुकडा. तापमान ओळखणारं काहीच नव्हतं. वायर कशालाच जोडलेली नव्हती.

भाचा फोनवर पोट धरून हसला. "मामा, तिथं उणे एकोणीस होतं!" पाणी शून्याला गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, त्या दाबानं पाइप फाटतो. तिकडची घरं उकाड्यासाठी बांधलेली, पाइप माळ्यावरनं आणि बाहेरच्या भिंतीतनं गेलेले, त्यात वीज गेल्यावर घरंच आतून गारठली. तिकडचे लोक अशा रात्री नळ बारीक चालू ठेवतात, सिंकखालची कपाटं उघडी टाकतात, घर सोडून जायचं तर मेन व्हॉल्व्ह बंद करून पाइप रिकामे करतात. फोम तिकडंही गुंडाळतात, पण फोम काही ऊब देत नाही, असलेली ऊब थोडा वेळ टिकवतो. बेळगावात कडाक्याची थंडी म्हणजे दहाच्या आसपास. इथं पाइपात बर्फ कुठला व्हायचा?

१९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी बिल, पत्ता, जीएसटी क्रमांक विचारला. माझ्याकडं साध्या कागदावरची 'दहा वर्षांची गॅरंटी' आणि बंद पडलेला मोबाइल नंबर. यूपीआयचा व्यवहार क्रमांक तेवढा होता, तो दिलाय. पैसे अजून आलेले नाहीत.

फोम मात्र प्लंबरनं टाकू दिला नाही. सोलरच्या टाकीतून न्हाणीघरात येणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपला गुंडाळला, ऊन लागू नये म्हणून वरून तीच चंदेरी टेप. तिथं तो कामाला आलाय. सकाळी गरम पाणी पहिल्यापेक्षा लवकर येतंय. ही म्हणते, चौदा हजारांचं आंघोळीचं पाणी आहे, बादली भरून वाहू देऊ नका.