फरसाणाच्या भट्टीमागे सिपोरेक्सची भिंत

गेल्या दिवाळीत शेवेच्या कढईने पेट घेतला. गॅस बंद करून वर झाकण टाकलं, मिनिटात विझलं. पण मधलं प्लायवूडचं पार्टिशन काळं पडलं, आणि त्याच्या पलीकडे आमचे तेलाचे डबे! होळी झाल्यावर ते काढून पहिल्यांदा भिंत घातली.

सिपोरेक्स म्हणजे एएसी ब्लॉक, विटेऐवजी वापरायचा हलक्या काँक्रीटचा ठोकळा. कंपनी कुठलीही असो, आमच्या सांगलीत गवंडी त्याला सिपोरेक्सच म्हणतो. बारा बाय दहाची भिंत, 6 इंची 100 नग मागवले. उतरवताना सात फुटले; दुकानदार म्हणाला, "वहिनी, एवढी तूट धरायचीच असते." बदलून दिले नाहीत ते नाहीतच.

त्यातला एक फुटका तुकडा ह्यांनी भट्टीच्या बर्नरवर ठेवला. अर्धा तास. खालून भेग गेली, बाजूने वाफ आली, पण वर मी हात टेकवून उभी होते. पोटात हवेचे बारीक बुडबुडे असतात, म्हणून उष्णता पलीकडे जायला वेळ लागतो. त्यामुळेच हलकाही. तेवढ्याच मापाच्या लाल विटा तिप्पट भरतील. साध्या करवतीने कापला जातो, भिंत दोन दिवसांत उभी राहिली.

ब्लॉकला पैकीच्या पैकी. कामाला मात्र नाही. वायरिंगसाठी भिंतीला चार भोकं पाडली आणि गवंड्याने ती पिवळ्या पीयू फोमने बुजवली. वरून गिलावा, दिसायला एकदम झकास. आमच्या इलेक्ट्रिशियनने सांगितलं तेव्हा कळलं की तो साधा फोम स्वतःच पेटतो. म्हणजे आगीला वाट आम्हीच करून दिलेली! सगळं खरवडून रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली न जळणारी लोकर, कोंबलं, वर फायर सीलंट भरलं. हे सीलंट तापलं की फुगतं आणि फट बंद करतं. महाग आहे, पण तिथे काटकसर करू नका. दुसरी गंमत पत्र्याखाली. भिंत पत्र्यापर्यंत नेलीच नव्हती, वर वीतभर जागा मोकळी. "हवा खेळायला," म्हणे! तेही पुन्हा बांधून घेतलं.

किरकोळ तक्रारी: साधा खिळा धरत नाही, झाऱ्यांच्या मांडणीला लांब फिशर (स्क्रू धरणारे प्लग) लागले. कॉलमजवळ जाळी न मारता गिलावा केला, तिथे केसाएवढी भेग आली आहे. भिंतीत दार ठेवलं नाही, कारण लाकडी दार लावायचं तर भिंत कशाला? साठ्याकडे जायला आता अंगणातून वळसा पडतो, आणि सासूबाई रोज त्यावरून बोलतात.