नाक टोचल्यावर पहिली चमकी सोन्याची की टायटॅनियमची?
रत्नागिरीची माझी भाची नाक टोचून घेण्याआधी याच प्रश्नावर अडली आहे. टायटॅनियम बरेच स्वस्त पडते, मात्र गावच्या सोनाराकडे ते सहसा मिळत नाही. घामाने वा खाऱ्या हवेने दोन्ही गंजत नाहीत. सोन्याची तार मऊ असल्याने वाकते, इतकेच. खरा प्रश्न त्वचेचा आहे: २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोने असते, परंतु कमी कॅरेटच्या, विशेषतः पांढऱ्या सोन्यात निकेल असू शकते, आणि ज्यांना खोट्या दागिन्यांनी खाज सुटते त्यांची ताजी जखम त्यामुळे चिघळू शकते. निगा दोन्हींना सारखीच. जखम पूर्ण भरायला काही महिने लागतात आणि तोवर समुद्रात डुंबणे टाळावेच, असा माझा आग्रह आहे. त्वचा नाजूक असेल तर टायटॅनियम घ्यावे. तसा त्रास कधीच झाला नसेल आणि सोनाराकडूनच टोचायचे असेल, तर २२ कॅरेटची तार योग्य.