पानरंग तक्ता: पाचपैकी चार तारे

अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि कुडाळकडच्या पंचवीस गुंठे भातात उतरलो. पहिल्या वर्षी युरिया सढळ हाताने फेकला. शेत असं काळंभोर हिरवं झालं की येणारा-जाणारा थांबून बघायचा. मग भाद्रपदात ढग बसले आणि पानांवर डोळ्याच्या आकाराचे, मध्ये राखाडी ठिपके उठले. करपा, भातावरचा बुरशीचा रोग!

त्यानंतर पानरंग तक्ता, म्हणजे ही प्लॅस्टिकची पट्टी मागवली. हिरव्याच्या चार छटा, २ ते ५ नंबर. लावणीनंतर चौदाव्या दिवसापासून फुलोऱ्यापर्यंत दर आठ-दहा दिवसांनी दहा चुडांचं (रोपांच्या झुबक्यांचं) वरचं, पूर्ण उघडलेलं पान पट्टीला लावायचं. तोडायचं नाही, आणि उन्हाकडे पाठ करून अंगाच्या सावलीत बघायचं. दहातली सहा पानं ४ नंबरपेक्षा फिकी निघाली तरच युरिया. यंदाचा तिसरा पावसाळा. दोनदा हात आवरला, तो हिच्यामुळेच.

आता उणीव. पट्टी हिरवेपणा मोजते, म्हणजे पानात नत्र किती हे अंदाजाने सांगते. ते नत्र कुठल्या कामाला लागलंय, हे तिला कळत नाही. बुरशी शिरली की फेनिलअॅलानिन अमोनिया लायेज हे विकर (एन्झाइम) कामाला लागतं. फेनिलअॅलानिन या अमिनो आम्लातून अमोनिया सुटा करून उरलेल्या सांगाड्यापासून बुरशीला अडवणारी फिनॉलं आणि पेशीभित्ती टणक करणारं लिग्निन बनवायची वाट ते मोकळी करतं. सुटलेला अमोनिया साचला तर पेशीलाच बाधतो, म्हणून ग्लुटामिन सिंथेटेज हे दुसरं विकर तो उचलून ग्लुटामेटला जोडतं आणि ग्लुटामिन बनवतं. तेच नत्र पुन्हा वापरात! (हे मी फळ्यावर कितीदा काढलं असेल, पण गोणी फोडताना आठवलं नाही.) नत्र अति झालं की पानं लुसलुशीत होतात, सुटी अमिनो आम्लं वाढतात आणि बुरशीचं आयतं फावतं. तेव्हा आभाळ भरलेलं असेल आणि शेतात करप्याचा एखादा जरी ठिपका दिसला, तर पट्टी 'घाल' म्हणाली तरी मी थांबतो.

एक तारा रंगासाठी कापला. पहिली पट्टी खळ्यात उन्हात राहिली नि विटली. दुकानदार म्हणाला, 'चालतंय की'. नाही चालत, छटा बदलली की नंबर बदलतो. दुसरी आणलेली पंचांगात घालून ठेवतो.