हक्का नूडल्स: ठाण्यातली गाडी की नवी मुंबईतला गाळा?

एकटे असाल, सडकून भूक लागली असेल आणि साधे हक्का नूडल्स हवे असतील, तर ठाण्यात गाडीवर उभं राहून खा. चार-पाच जण असाल, बरोबर लहान मूल असेल किंवा ट्रिपल शेजवानसारखं परातभर प्रकरण मागवायचं असेल, तर नवी मुंबईत ऐरोली, कोपरखैरणे नाहीतर वाशीला जा आणि सेक्टरच्या मार्केटमधला एखादा चायनीज कॉर्नर बघून बसा. घाईत असाल तर एवढं पुरे. फक्त पैसे देण्याआधी आचारी एका कढईत किती प्लेटी उडवतोय ते मोजा. दोनाच्या वर असतील तर पुढच्या गाडीकडे चला.

मी राहतो कळव्याला आणि नोकरी ऐरोलीत. विटाव्यावरून रोज ये-जा. त्यामुळे ठाण्याचं आणि नवी मुंबईचं, दोन्हीकडचं चायनीज पोटात गेलंय. साताऱ्याचा आतेभाऊ नुकताच महापेला नोकरीला लागला आणि पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं, "दादा, चायनीज कुठं खायचं?" त्याला फोनवर जे अर्धं सांगितलं ते इथे पूर्ण लिहितोय.

आधी गाडीचं. ठाण्यात कोपरी, वर्तकनगर, लोकमान्यनगर, कळवा, खारेगाव अशा वस्तीच्या भागांत संध्याकाळी सहा-साडेसहाला गाड्या लागतात. लाल फलकावर ड्रॅगन, पुढे कोबीचा ढीग, मागे भट्टी. गाडी चालवणारी बरीच मुलं आपलीच, मराठी. कुणी आधी नोकरी करायचा, कुणी काकांच्या गाडीवर हात बसवून स्वतःची टाकली. गाडीवर हाफ प्लेट मिळते, आणि एकट्या माणसाला हा मोठाच आधार असतो. माझ्या नेहमीच्या ठिकाणी हाफ सत्तर-ऐंशीला आणि फुल दीडशेच्या आत. नवी मुंबईतल्या गाळ्यात तेवढ्यात सूप आलं तरी पुष्कळ.

पण गाडी जिंकते ती पैशावर नाही, आगीवर. लोखंडी कढई धूर निघेपर्यंत तापलेली असते. तिच्यात एक प्लेट नूडल्स पडले की अंगचं पाणी क्षणात उडतं, कडा किंचित करपतात आणि तो धुरकट वास बसतो. कँटनी लोक त्याला 'वॉक हे' म्हणतात, म्हणजे कढईचा श्वास. त्याच कढईत सहा प्लेटी एकदम टाकल्या तर कढई थंड पडते, कोबी पाणी सोडतो आणि नूडल्स परतायच्याऐवजी वाफेवर शिजतात. मग रंग आणायला आचारी सोया सॉस ओततो आणि समोर येतो तो काळा, ओला गोळा. नाव हक्का, जात खिचडीची.

हे जवळून बघायचं असेल तर माझ्या गाडीवर या. कुठली ते सांगत नाही, आधीच वीस मिनिटं थांबावं लागतं. आचाऱ्याच्या डाव्या हातात फडकं आणि कढईचा कान, उजव्या हातात लांब दांड्याची पळी. तेलात आधी लसूण, मग शिमला मिरची, गाजर, कोबी. समोर चार डबे: मीठ, साखर, मिरपूड, आजिनोमोटो. पळीचं टोक न बघता एकेका डब्याला टेकवतो आणि कढईच्या काठावर ठक्क करून झाडतो. सोया सॉस नूडल्सवर कधीच घालत नाही, कढईच्या कडेने सोडतो. तो तिथेच चर्र होतो, अर्धा धूर होऊन उडतो आणि उरलेला नूडल्सना लागतो. पातीचा कांदा ज्योत बंद केल्यावर. सगळं मिळून दोन मिनिटं. परवा मी म्हटलं, "हाफ हक्का, शेजवान नको." तो हसला. "चव घ्यायला आलाय का परीक्षा घ्यायला?"

खरं तर परीक्षाच. नव्या गाडीवर पहिल्यांदा साधा हक्काच मागवा, कारण शेजवान चटणीखाली सगळी पापं झाकली जातात. ही चटणी चीनच्या सिचुआन प्रांताचं नाव लावते, पण तिथल्या जेवणाची ओळख म्हणजे जीभ बधिर करणारं सिचुआन मिरं, आणि आपल्या गाडीवर ते औषधालाही नसतं. आपली चटणी म्हणजे लाल मिरची, भरपूर लसूण आणि व्हिनेगर. वड्याबरोबरच्या लसणीच्या चटणीची धाकटी बहीण म्हणा ना. म्हणूनच ती आपल्या जिभेला पहिल्या घासात ओळखीची वाटली असावी.

आता गाडीच्या खोड्या. पहिली, नूडल्स कधी उकडले. बहुतेक गाड्यांवर ते दुपारी उकडून, तेल चोळून टबात ठेवतात. सात-आठ वाजेपर्यंत ठीक, पण उकाड्यात किंवा पावसाळी दमट हवेत अकरानंतर जुगार असतो. एका जुलैत रात्री साडेअकराला एका गाडीवरून पार्सल आणलं. वरचा थर झकास होता, तळाचे नूडल्स हाताला बुळबुळीत आणि वासाला आंबट. तेव्हापासून मी नऊच्या आत जातो आणि टबात डोकावतो. नूडल्स सुटे, मोकळे दिसले पाहिजेत. आचारी बोटांनी गुठळ्या फोडत असेल तर नमस्कार करून निघा.

दुसरी, सिलिंडर. धंद्याचं सिलिंडर १९ किलोचं असतं, घरचं १४.२ किलोचं. गाडीखाली घरगुती लाल सिलिंडर दिसलं तर ते बेकायदा तर आहेच, पण घरच्या साध्या रेग्युलेटरवर भट्टीला जोरही येत नाही. जोर नाही म्हणजे पुन्हा तीच वाफ.

तिसरी खोडी गाडीवाल्याच्या हातात नाही. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. तेव्हापासून स्टेशनजवळच्या गाड्यांचा नेम नाही. आज दिसलेली गाडी उद्या पुढच्या गल्लीत असेल किंवा पालिकेच्या गोदामात. पाहुण्यांना घेऊन ठाणे स्टेशनला उतरून "चला, इथे एक मस्त गाडी आहे" म्हणण्यात तोंडघशी पडायची शक्यता बरीच.

गाळ्याला ही भीती कमी. नवी मुंबई सिडकोने सेक्टर पाडून वसवली आणि जवळपास प्रत्येक सेक्टरला आपलं छोटं मार्केट आहे. त्यातलाच एक गाळा चायनीजवाल्याचा. नळाचं पाणी, बेसिन, चार-सहा टेबलं आणि लॅमिनेट केलेलं, दोन्ही बाजूंनी गच्च भरलेलं मेनूकार्ड. अन्नपरवान्याचा १४ आकडी क्रमांक भिंतीवर लावलेला असतो. गाडीवर तो शोधूनही क्वचित सापडतो. फुल प्लेट एकशेऐंशी-दोनशेच्या घरात जाते, पण आईला किंवा आजीला घेऊन जायचं तर खुर्ची लागतेच, आणि हात धुवायला जागाही. गाळ्यावाले संध्याकाळी बाहेरच्या मोकळ्या जागेत टेबलं मांडतात. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की ती भराभर आत जातात. आपण आपली प्लेट उचलून उभं राहायचं, ही तिथली रीत.

गाळ्यात हक्का मागवू नका असं नाही, पण तिथे एका वेळी चार टेबलांच्या ऑर्डरी चालू असतात आणि त्या एकत्रच पडतात. तिथे ग्रेव्हीचं मागवा. कॉर्नफ्लॉवर घातलेल्या ग्रेव्हीला कढई भरलेली असली तरी चालतं, दोन मिनिटं जास्त उकळली तर बिघडत नाही. १९७५ मध्ये मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वँग यांनी चिकन मंच्युरियन केलं ते याच युक्तीवर: आपलंच आलं-लसूण-मिरचीचं वाटण, वर सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर. ट्रिपल शेजवान त्याच घराण्यातलं. फ्राइड राइस, नूडल्स, तळलेले नूडल्स आणि बाजूला वाडगाभर ग्रेव्ही. तिघं-चौघं सहज जेवतात, म्हणजे माणशी हिशेब गाडीच्या जवळपासच येतो. फक्त ग्रेव्ही आधीच ओतू नका. तळलेले नूडल्स कुरकुरीत असेपर्यंतच त्या ताटाला अर्थ आहे.

गाळ्यांतही फरक आहे. ऐरोली, महापे, घणसोलीत ऑफिसची गर्दी दुपारी असते, त्यामुळे तिथले नूडल्स एक-दीडच्या सुमाराला सगळ्यात ताजे. शनिवारी-रविवारी हेच भाग सुस्त पडतात. तेव्हा वाशी किंवा नेरुळ बरं, खप असतो. खप म्हणजे ताजेपणा, हा नियम गाडीला आणि गाळ्याला सारखाच. श्रावणात तर तो डोळ्यांनी दिसतो. चिकन लॉलीपॉपची गिऱ्हाइकं महिनाभर गायब होतात आणि टबातले नूडल्स तसेच पडून राहतात. त्या महिन्यात फक्त शाकाहारी ठिकाण शोधा. ठाण्यात नौपाड्यात ती आहेत, कांदा-लसणाशिवायचं जैन हक्काही मिळतं. मात्र मिश्र ठिकाणी "व्हेज वेगळं करतो" असं कुणी म्हणालं तर विचारा, कढई वेगळी की फक्त पळी?

बाकी प्रकारांवर फार वेळ घालवायला नको. सिंगापूर नूडल्सचा सिंगापूरशी संबंध नाही, ते हाँगकाँगचं लेकरू, आणि आपल्याकडे बहुतेक पिवळं हक्काच. अमेरिकन चॉप्सी गोड आहे, वर अंडं असतं, मुलं खूश होतात. चायनीज भेळ मी जेवणात धरत नाही.

आजिनोमोटोची लोक उगीच धास्ती घेतात. जपानच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळापासून ती चव वेगळी काढली. नको असेल तर सांगा, घालत नाहीत. पण मग आचारी मिठाचा हात सैल सोडतो, हे धरून चला. मला खरी काळजी रंगाची वाटते. २०२४ मध्ये कर्नाटकाने गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली. आपल्याकडची एक साधी खूण सांगतो. खाऊन झाल्यावर रिकाम्या प्लेटमध्ये थोडं पाणी टाका. तेलाचे लाल ठिपके वर तरंगले तर ती मिरची. पाणीच लालबुंद झालं तर तो डब्यातला रंग. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही. या एका खुणेवर मी खाडीच्या दोन्ही बाजूंच्या तीन जागा सोडल्या.

आतेभावाला शेवटी सांगितलं ते असं. आठवडाभर दुपारी महापेच्या आसपास गाळा, शुक्रवारी संध्याकाळी साडेसातच्या आत कळव्याला ये, गाडीवर हाफ-हाफ खाऊ. पार्सल शक्यतो नको, प्लॅस्टिकच्या डब्यात बंद झालं की दहा मिनिटांत वाफेने सगळं लिबलिबीत. आणायचंच झालं तर आमच्या आईची युक्ती आहे. गाडीवरच झाकणाला काट्याने चार भोकं पाडून घ्यायची आणि डबा पिशवीत न घालता हातात धरून आणायचा.